पाचवा शुक्रवार

"मला एका बाईंकडे जायचंय," कुमुद म्हणाली. "बोलायला."

मी दाढी करत होतो. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर साबण होता. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत कुमुद आपणहून कुठे जायचंय म्हणाली असेल तर ते माहेरी, तेही तिकडे कुणी अंथरुणाला खिळलं असेल तर. मी रेझर खाली ठेवला आणि कोण आजारी आहे ते विचारलं.

"कोणी नाही," ती म्हणाली, आणि तिनं आरशाशेजारी वर्तमानपत्राचं एक कात्रण ठेवलं. हातानं फाडलेलं नव्हतं, चारही बाजूंनी कात्रीनं सरळ कापलेलं होतं. मेधा गोसावी, समुपदेशन, विश्रामबाग, सांगली. आधी वेळ ठरवून येणे. प्रत्येक भेट पन्नास मिनिटं. आणि खाली ठळक अक्षरांत, इथे बोललेलं इथेच राहील.

मी कात्रण दोनदा वाचलं. मग तिला विचारलं, तुला झालंय काय.

"ते तिथे सांगेन."

"मला सांग की. पन्नास मिनिटं कशाला, मी आता दिवसभर घरीच असतो."

"तुम्हाला नाही सांगता येत."

"बरं," मी म्हणालो. "दोन दिवस दे. ओळख काढतो."

"नको."

"अगं, नुसता एक फोन करतो."

"ओळख नको," कुमुद म्हणाली. "मला अनोळखी माणूस पाहिजे. म्हणून तर जायचंय."

साबण गालावर वाळून ताणायला लागला होता. मी पुन्हा आरशाकडे वळलो. बायकोला बरं नाही हे मला त्या क्षणी पटलं.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली आणि त्याच वर्षी, म्हणजे सत्त्याण्णव साली, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. या चौतीस वर्षांत भालचंद्र हुपरीकर नावाचा माणूस कुठल्याही रांगेत उभा राहिलेला कोणी बघितला नाही. गॅस, टेलिफोन, मुलाचा इंजिनिअरिंगचा प्रवेश, सासूबाईंचा मोतीबिंदू, सगळं ओळखीनं. माणूस भेटला की आपण कुठले, हे विचारायचं. त्याचं गाव कळलं की त्या गावातलं आपलं माणूस आठवायचं, आणि तिसऱ्या वाक्याला आपण घरचे. वडील वारले तेव्हा स्मशानात आमच्या आधी दोन जण होते. आम्ही तिसरे गेलो आणि पहिले झालो. वडिलांना आयुष्यभर ताटकळायचा तिटकारा होता, त्यामुळे त्यांना ते आवडलंच असणार.

मेधा गोसावींची ओळख निघायला दोन दिवस आणि सहा कप चहा लागला. आमच्या खात्यातल्या ओव्हरसियरचे साडू तासगावच्या हायस्कुलात शिकवायचे, आणि त्यांच्याच बरोबरीनं तिथे चित्रकला शिकवून निवृत्त झालेले गोसावी मास्तर हे मेधाबाईंचे सासरे. सगळे एकत्रच राहत होते. पुढच्या खोलीत सून लोकांची दुःखं ऐकायची आणि मागच्या खोल्यांत संसार चालायचा. मी घरच्या झाडाची सीताफळं पिशवीत घातली आणि कुमुदला न सांगता सकाळी जाऊन आलो.

मास्तरांनी मला लगेच घरचा केलं. मग मी सुनेला भेटलो. तिशीतली, चष्मा लावणारी, हसताना आवाज न करणारी मुलगी. तिच्या खोलीत वेताच्या दोन खुर्च्या होत्या, समोरासमोर नव्हत्या, जरा तिरक्या ठेवलेल्या. भिंतीवर देव नव्हता. एक घड्याळ होतं, ते फक्त तिच्या खुर्चीवरून दिसेल असं. तिपाईवर कागदी रुमालांचा खोका.

इथे माणसाला करतात काय, असं मी तिला विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

ती म्हणाली की करत काहीच नाही. समोरचा बोलतो, आपण ऐकतो, मधूनमधून विचारतो. सल्ला देत नाही. गोळी देत नाही. गप्प बसावंसं वाटलं तर गप्प बसू देतो. बरेच लोक पहिल्या दिवशी निराश होऊन जातात, कारण त्यांना वाटत असतं की बाई काहीतरी सांगतील.

"आणि एका दिवसात बरं वाटतं?"

"एका दिवसात काही होत नाही, काका. मूळ गोष्ट पहिल्या दिवशी कोणी बोलतच नाही. आधी झोप लागत नाही म्हणतात, डोकं दुखतं म्हणतात. खोलीचा अंदाज घेतात, माझा घेतात. खरं काय ते चौथ्या-पाचव्या भेटीत येतं."

"चौथ्या-पाचव्या," मी म्हणालो. "आणि घरच्यांना कधी कळवता?"

"कळवत नाही."

"नवऱ्याला?"

"नवऱ्याला तर मुळीच नाही." मग तिनं चष्मा काढला आणि ओढणीनं पुसला. "काका, तुम्ही आज इथे आलात हे काकूंना माहीत आहे?"

मी म्हटलं, तिला आश्चर्याचा धक्का देणार आहे.

मुलगी हुशार होती. ती म्हणाली की मग आता तिला काकूंना घेता येणार नाही. तुमची आणि आमच्या घरची ओळख निघाली, आता काकूंना इथे मोकळं वाटणार नाही. कोल्हापूरला चांगल्या बाई आहेत, त्यांचं नाव देते, पण ते काकूंनाच देईन. हे ती अतिशय नम्रपणे बोलली आणि मलाही तिचं कौतुक वाटलं. तेवढ्यात आतून मास्तरांचा आवाज आला.

"मेधा, हुपरीकर आपले आहेत. त्यांना मंगळवारची वेळ दे."

तिनं दाराकडे बघितलं. तिच्या शिक्षणात याच्यावर काहीतरी उत्तर असणारच. पण ते सासऱ्यांपुढे उभं राहून द्यायचं उत्तर नसावं. तिनं वहीत मंगळवार लिहिला.

मंगळवारी कुमुदनं मोरपिशी साडी नेसली. एकटी जाते म्हणाली. मी म्हणालो, फक्त सोडतो. रिक्षात तिनं मांडीवर पर्स दोन्ही हातांनी धरून ठेवली होती आणि तिचे ओठ हलत होते. परीक्षेला निघालेली मुलं करतात तसं ती मनातल्या मनात काहीतरी म्हणून बघत होती.

दार मास्तरांनी उघडलं.

"या हुपरीकर, या. सीताफळं काय गोड निघाली हो तुमची."

कुमुद उंबऱ्याबाहेरच थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं. मी चपला काढत होतो. मास्तरांच्या पत्नी, गोसावीबाई, हळदीकुंकवाचं तबक घेऊन आल्या, कुमुदला कुंकू लावलं, हाताला धरून आत नेलं, माहेर कुठलं ते विचारलं. पाच मिनिटांत असं निघालं की कुमुदच्या मावशीची जाऊ आणि गोसावीबाई तासगावला एकाच गल्लीत राहायच्या, एकाच नळावर पाणी भरायच्या. आता मावशीला पत्र टाकते, कुमुद आमच्याकडे येऊन गेली म्हणून, असं त्या म्हणाल्या. चिवड्याच्या बश्या आल्या. कुमुदनं बशी हातात धरून ठेवली. खाल्लं नाही आणि खालीही ठेवली नाही.

मग ती मेधाच्या खोलीत गेली आणि दार बंद झालं. मी घड्याळ बघितलं. अकराव्या मिनिटाला दार उघडलं. निघताना मेधा फाटकापर्यंत आली, कुमुदचा हात हातात घेऊन हळू आवाजात काहीतरी बोलली, आणि हात सोडला तेव्हा कुमुदची मूठ मिटलेली होती. प्रसादबिसाद दिला असेल असं मी धरून चाललो.

रिक्षात विचारलं, बाई कशा आहेत.

"चांगल्या आहेत."

"काय विचारलं?"

"झोप लागते का, विचारलं."

"मग?"

"लागते म्हटलं."

कुमुदला रात्री तीननंतर झोप लागत नसे, हे मला माहीत होतं. पण आमच्या घराण्याची गोष्ट अशी चारचौघांत नेली नाही याचं मला बरं वाटलं. विषय तिथेच संपला असं मी समजलो, आणि ओळखीतल्या चार जणांना सांगितलंही, की आमच्या हिला जरा उदास वाटत होतं, पण घरच्याच माणसाकडे नेली आणि एका भेटीत काम झालं.

दहा-बारा दिवसांनी कुमुद म्हणाली की ती दर शुक्रवारी कोल्हापूरला देवीच्या दर्शनाला जाणार आहे. पाच शुक्रवार, किंवा जास्तच. मी म्हणालो, अवश्य जा. सकाळी दहाच्या गाडीनं ती जायची, चारच्या आत परत यायची. येताना कुंकवाची पुडी आणि खडीसाखर आणायची आणि माझ्या तळहातावर ठेवायची. मी ती कपाळाला लावून तोंडात टाकायचो. तिच्या चेहऱ्यावर जरा रंगही आला होता. एकदा तर भाजी चिरताना ती गुणगुणत होती. मी आत गेलो तशी थांबली.

आता, माझी बायको दर शुक्रवारी कोल्हापूरला जाते आणि तिथे तिची कोणी विचारपूस करत नाही, हे माझ्या स्वभावात बसण्यासारखं नव्हतं. देवळाबाहेर ओटीचं सामान विकणारा घोरपडे माझ्या चांगल्या ओळखीचा. पहिल्याच शुक्रवारी मी त्याला फोन करून ठेवला, की आमच्या घरातनं येतील, मोरपिशी नाहीतर तपकिरी साडी, हनुवटीवर तीळ, त्यांना सावलीत बसव, चांगला खण काढून ठेव. हे सगळं कुमुदला कळू द्यायचं नाही, असंही बजावलं. चौथा शुक्रवार झाल्यावर मी त्याचे आभार मानायला फोन केला.

"साहेब, आभार कसले," घोरपडे म्हणाला. "खण चार वेळा काढून ठेवला. वहिनी आल्याच नाहीत."

"गर्दीत दिसल्या नसतील."

"मी दारातच असतो की, साहेब. आल्या असत्या तर दिसल्या असत्या."

"अरे, पण प्रसाद आणते ती."

"खडीसाखर काय," तो म्हणाला, "स्टँडवरपण मिळते."

मी फोन ठेवला. कुमुद मागे दोरीवर कपडे वाळत घालत होती. मी तिची पर्स उघडली. बसची तिकिटं होती, चार जायची, चार यायची, एकात एक घडी घालून ठेवलेली. आणि एक चिठ्ठी, वळणदार बारीक अक्षरात. रेबेलो बाई, राजारामपुरी, पहिला मजला. शुक्रवार, सव्वाबारा.

चिठ्ठी होती तशी आत ठेवली. मग मी बोटांवर मोजलं. चार झाले होते. येता शुक्रवार पाचवा होता.

त्या शुक्रवारी मी आठच्या गाडीनं निघालो. इचलकरंजीला पेन्शनच्या कामाला जातो असं घरी सांगितलं होतं. बरोबर कुमुदची शाल घेतली. कुठेही जाताना हातात काहीतरी निमित्त असलेलं बरं.

रेबेलो बाईंच्या दाराबाहेर लहानशी बैठकीची खोली होती. तिथे टेबलाशी एक मुलगी बसली होती. रेबेलो हे नाव वाचून मी जरा खचलो होतो, खोटं कशाला बोलू. बाई गोव्याकडच्या, ख्रिश्चन, आमच्या कुठल्याच गल्लीत न बसणाऱ्या. कुमुदला पाहिजे होतं तसं नेमकं माणूस त्या मेधानं शोधून दिलं होतं. पण टेबलाशी बसलेली मुलगी राधानगरीची निघाली, आणि तिच्या नवऱ्याचे सख्खे मामा आमच्या खात्यात कालवा निरीक्षक निघाले. सव्वाबाराला दहा मिनिटं असताना कुमुद जिना चढून आली तेव्हा मी घरातल्या कपानं चहा पीत होतो आणि ती मुलगी मला काका म्हणत होती.

कुमुद दारात थांबली. ती दचकली नाही. पुष्कळदा मी हे आठवून बघितलंय, ती अजिबात दचकली नाही.

"शाल विसरलीस," मी म्हणालो.

बाहेर डोक्यावर ऊन होतं. तिनं शाल घेतली, घडी घातलेलीच होती ती पुन्हा एकदा घातली, आणि खुर्चीवर ठेवली. शेजारी पर्स ठेवली.

आतलं दार उघडलं. रेबेलो बाई साठीच्या पुढच्या होत्या, पांढरे केस मानेपर्यंत कापलेले, साडी सुती, पायात सपाता. त्या कुमुदकडे बघून हसल्या, या म्हणाल्या, आणि मग त्यांना मी दिसलो.

"हे कोण?"

"मी यांचे यजमान. हुपरीकर."

"बरं. तुम्ही खाली जाऊन बसा. कोपऱ्यावर हॉटेल आहे."

"इथेच बसतो की. मला दाराबाहेर काही ऐकू येत नाही. वयही झालंय."

"तुम्हाला ऐकू येतं की नाही हा प्रश्न नाही," बाई म्हणाल्या. "त्यांना तुम्ही दिसता."

मी हसून हात जोडले आणि जागचा हललो नाही. हे मला चांगलं जमतं. मोठ्या साहेबांसमोर चौतीस वर्षं जमवलं होतं. समोरच्याला हाकलताही येत नाही आणि रागावताही येत नाही.

कुमुदनं पर्स उचलली. "बाई, आज राहू दे."

"पुढच्या शुक्रवारी येता?"

कुमुद माझ्याकडे बघत उभी राहिली, दुकानात साडी पसंत आहे का ते नवऱ्यानं सांगायचं म्हणून उभ्या राहतात तशी.

"बघू," मी म्हणालो. "जमेल तसं कळवू."

रेबेलो बाई दाराला टेकल्या. मग मला म्हणाल्या, "मिस्टर हुपरीकर, माझी पन्नास मिनिटं आता मोकळीच आहेत. तुम्ही येता आत?"

"मला काय झालंय?"

"ते बोलता बोलता कळेल."

मी मोठ्यानं हसलो. टेबलाशी बसलेली मुलगीही हसली, मामांचा मान राखून. निघताना मी तिला सांगितलं, मामांना म्हणावं हुपरीकरांनी आठवण काढली.

आम्ही स्टँडवर आलो. गाडी लागायची होती. आम्ही खांबाशी उभे होतो. मी उसाचा रस घेतेस का विचारलं. ती समोरच्या फलाटाकडे बघत म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

"काय?"

"मी काय बोलणार ते."

मी म्हणालो, गाडी लागली, चल, जागा मिळणार नाही.

जागा एकत्र मिळाली नाहीच. कंडक्टर नवा होता, त्याचं गाव विचारायला सवड झाली नाही. कुमुदला पुढे बायकांच्या बाकावर खिडकीशी जागा मिळाली, मला चार बाकं मागे. तिच्या शेजारी एक पन्नाशीची बाई बसली होती. बाजार करून निघालेली असावी. मांडीवर नवी कोरी प्लास्टिकची हिरवी बादली, बादलीत लसणाच्या गड्ड्या. शिरोलीचा नाका जाईपर्यंत दोघी समोर बघत होत्या. मग त्या बाईनं काहीतरी विचारलं, खिडकी लावू का, ऊन लागतंय का, असलं काहीतरी असावं. कुमुदनं मान फिरवली आणि बोलायला लागली.

इंजिनाच्या आवाजात मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. पण कुमुद हातवारे करून बोलते. आधी तिनं दोन तळवे समोरासमोर धरले, हातभर अंतरावर. आठ महिन्यांचं मूल तेवढंच असतं.

आमची पहिली मुलगी ज्योत्स्ना. एकाहत्तर साली श्रावणात तिला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. खरं सांगायचं तर दाढी करताना ते कात्रण बघितलं तेव्हाच मला कळलं होतं, की कुमुद काय बोलणार. आमच्या घरात न बोललेली गोष्ट एकच होती.

कुमुदनं हात लांब करून खिडकीबाहेर कोपरा दाखवला. कोपऱ्यावर एक नवा डॉक्टर आला होता. बाहेर बाकावर बारा-पंधरा माणसं होती. कुमुद म्हणाली, इथेच बसू. मी म्हणालो, इथे आपल्याला कोण ओळखतं, आपण निमसोडकर डॉक्टरांकडे जाऊ. टांगा केला आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. डॉक्टर घरी नव्हते. त्यांच्या बायकोनं आम्हाला दिवाणखान्यात बसवलं, येतीलच एवढ्यात म्हणाली, चहा टाकला. तास गेला. कुमुद म्हणाली, सरकारी दवाखान्यात जाऊ. मी म्हणालो, आपण आलोय हे यांना कळलंय, आता उठून गेलो तर बरं दिसत नाही. आणखी अर्धा तास गेला. ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा तेच म्हणालो.

पुढच्या बाकावर कुमुदनं अंगठा आणि बोट जुळवून कपाचा कान धरला. तो खाली ठेवला. मग पुन्हा धरला.

म्हणजे ती तिथपर्यंत आली होती. डॉक्टरांच्या बायकोनं पुन्हा चहा विचारला आणि मी हो म्हणालो. मी बशीत ओतत असताना कुमुद नुसतं "अहो" म्हणाली. मी म्हणालो, थांब जरा. बशी रिकामी करून मी वळलो तेव्हा घाई करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. दाखला मला दुसऱ्या दिवशी रांगेत उभं न राहता मिळाला. लोकांना मी सांगितलं की डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले. कुमुदसमोरच सांगितलं. पुढे मुलगा झाला, घर झालं, आणि ते नाव आमच्याकडे कोणी घेतलं नाही. कोणी म्हणजे मी घेऊ दिलं नाही.

त्या बाईनं बादली पायाशी ठेवली होती. तिचा एक हात कुमुदच्या पाठीवर होता. हातकणंगले गेलं, पुढचे दोन थांबे गेले. कुमुद एकदाही थांबली नाही. मेधा म्हणाली होती तशी ती मधेच गप्पही बसली नाही. सव्वीस वर्षांचं सगळं तिनं जयसिंगपूरपर्यंत संपवलं.

जयसिंगपूरला गाडी थांबली आणि ती बाई बादली घेऊन उठली. कुमुदशेजारची जागा धरायला मीही उठलो. मधल्या चिंचोळ्या वाटेत आम्ही समोरासमोर आलो.

"तुम्हीच का यांचे मालक?" तिनं विचारलं.

"हो. आपण कुठल्या?"

तिनं ते ऐकलंच नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. रागानं नाही, एखादा सुटत नसलेला हिशेब लहान मुलीनं मास्तरांना विचारावा तसं तिनं विचारलं, "दुसरा चहा कशाला घेतलात हो?"

"नाही म्हणणं बरं दिसलं नसतं," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि ती उतरली. खाली उभ्या असलेल्या लोकांत हिरवी बादली थोडा वेळ दिसली, मग नाही दिसली.

त्या बाईचा मी पुढे पुष्कळ शोध घेतला. जयसिंगपुरात माझी माणसं काही कमी नाहीत. पालिकेत दोघं, साखर कारखान्यात एक, तीन शिक्षक, एक भांडीवाला. पन्नाशीची बाई, शुक्रवारी कोल्हापूरला बाजाराला गेलेली, एवढ्यावर कोण सांगणार. एकदा भेटली असती, गाव कळलं असतं, नातं निघालं असतं, तर मग ती गोष्ट घरातलीच झाली असती. कुमुद त्यानंतर कुठल्याच शुक्रवारी कुठे गेली नाही. तिला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आम्ही ज्योत्स्नाचं नाव शेवटपर्यंत घेतलं नाही. तिनं माझ्याकडे पुन्हा कधी तो विषय काढला नाही. काढायची तिला गरजही उरली नसावी.

पण त्या दिवशी मी तिच्याशेजारी जाऊन बसलो तेव्हा तिनं खिडकीच्या गजाला डोकं टेकलं होतं आणि डोळे मिटले होते. उदगाव गेलं. रस्ता खराब होता, डोकं गजावर आपटत होतं, तरी तिला जाग येत नव्हती. तोंड थोडं उघडं, दोन्ही हात मांडीवर उताणे पडलेले. लग्न झाल्यापासून ती अशी झोपलेली मी पाहिली नव्हती. अंकलीचा पूल आला तेव्हा मी तिला खांद्याला धरून हलवलं.

"कोण होत्या गं त्या? नाव काय?"

तिनं डोळे अर्धवट उघडले. मी कोण ते ओळखायला तिला थोडा वेळ लागला.

"विचारलं नाही," ती म्हणाली, आणि पुन्हा झोपली.

सांगली यायला अजून पंधरा मिनिटं होती. मी तिला पुन्हा हलवलं.